अंगठा येत नाही : हिंगोलीच्या रांगेतील संगणक-विनोद

पीकविम्याच्या अर्जाची मुदत दोन दिवसांवर आली होती आणि आमच्या तालुक्याच्या गावी सेवा केंद्रासमोरची रांग रस्त्यापर्यंत गेली होती. आतून केंद्रचालकाने ओरडून सांगितलं, ‘‘सर्व्हर डाऊन हाय.’’ रांगेतल्या एका म्हाताऱ्याने खांद्यावरचा टॉवेल ओट्यावर पसरला आणि म्हणाला, ‘‘पडलाय तर पडू द्या त्याला. मी बी पडतो जरा. तो उठला की मला उठवा.’’ रांग हसली. केंद्रचालकही हसला. मी पिशवीतली वही काढून ते वाक्य लिहून घेतलं.

ही वही मी २०१७ साली सुरू केली. त्या वर्षी शेतकरी कर्जमाफीचे अर्ज ऑनलाइन भरायचे होते आणि गावोगावची माणसं पहिल्यांदाच एवढ्या संख्येने संगणकासमोर रांग लावून उभी राहिली. जात्यावरच्या ओव्या, उखाणे, म्हणी गोळा करणाऱ्यांची आपल्याकडे मोठी परंपरा आहे. रांगेतलं बोलणं मात्र रांगेबरोबरच पांगतं. ते टिपावं, एवढाच माझा हेतू होता. हळूहळू लक्षात आलं की या विनोदांत आणि सहज फेकलेल्या मतांत यंत्राविषयीचं नेमकं ज्ञान आहे. ते ज्ञान कुठवर पोचतं आणि कुठे थांबतं, हे या लेखात मांडायचं आहे.

उंदरापासून ‘हँग’पर्यंत

आपल्याकडे संगणक विनोदातूनच घरात शिरला. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची, म्हणजे एमकेसीएलची स्थापना २००१ सालची. त्यानंतर ‘एमएस-सीआयटी’चे वर्ग तालुक्यातालुक्यांत निघाले आणि सरकारी नोकरीसाठी ते प्रमाणपत्र लागू लागलं. त्या वर्गांतला पहिला विनोद सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे : विद्येच्या देवाचं वाहन उंदीर, आणि संगणकही उंदरावरच चालतो. अनोळखी यंत्राला ओळखीच्या देवाशेजारी बसवून त्याची भीती घालवण्याचं काम या विनोदाने केलं.

पुढे दिशा उलटली. आधी यंत्र माणसासारखं होतं, आता माणूस यंत्रासारखा झाला. विसराळू सासऱ्याची ‘मेमरी फुल’ झाली, लग्नात गोंधळलेला नवरदेव ‘हँग’ झाला, उधारी मागितली की मित्र ‘रेंजच्या बाहेर’ गेला. ज्याने कधी कीबोर्डला बोट लावलं नाही, तोही भांडणात ‘तुझं डोकं एकदा फॉरमॅट मारून घे’ म्हणतो.

यातल्या क्रियापदांकडे बघा. संगणकावर आपण काही करतो तेव्हा मराठी माणूस ‘मारतो’ : प्रिंट मारतो, फॉरमॅट मारतो, झेरॉक्स मारतो. काही बिघडलं की मात्र क्रियापदं बदलतात. सर्व्हर पडतो. ओटीपी येत नाही. अंगठा येत नाही. पैसे अडकतात. यादीतून नाव उडतं. मारणारा कोणीतरी असतो. पडणं, येणं, अडकणं, उडणं मात्र आपोआप होतं. काच फोडणारा समोर उभा असला तरी ‘काच फुटली’ म्हणण्याची सोय मराठीत आधीपासून आहेच, संगणकाने ती कचेरीच्या फार कामी आणली. ‘तुमचं नाव उडालं’ हे वाक्य ऐकल्यावर ‘कोणी उडवलं?’ असा प्रश्न सुचायलाही वेळ लागतो.

शहरातल्या संगणक-विनोदांपेक्षा आमचे विनोद इथेच वेगळे पडतात. हिंजवडीत नोकरी करणारी आमची मुलं दिवाळीला गावी येतात तेव्हा त्यांचे विनोदही ऐकायला मिळतात. प्रोग्रॅममधली चूक दुरुस्त करता आली नाही की तिलाच नवी सोय म्हणून खपवायचं, हा त्यांचा आवडता विषय. तो सॉफ्टवेअर करणाऱ्याचा विनोद आहे. आमचा विनोद सॉफ्टवेअर ज्याच्यावर चालवलं जातं त्याचा. असाच एक मुलगा दिवाळीत आजीचा अडकलेला हप्ता सोडवायला केंद्रावर गेला आणि हात हलवत परत आला. आजीने विचारलं, ‘‘तू त्याच खात्यात हायस ना?’’ तो म्हणाला, ‘‘आजी, मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण हे वेगळं सॉफ्टवेअर आहे.’’ आजी म्हणाली, ‘‘म्हंजे तू बी आमच्यासारखाच. फक्त खुर्चीवर बसून रांगंत.’’

साहेब दौऱ्यावर, सर्व्हर डाऊन

‘सर्व्हर डाऊन’ या दोन शब्दांच्या आत काय काय दडतं ते पाहू. सर्व्हर म्हणजे दूर कुठेतरी ठेवलेला, माहिती सांभाळणारा आणि विचारलं की उत्तर देणारा संगणक. रेशन दुकानातल्या यंत्रावर बाईने अंगठा टेकवला की तो ठसा यंत्रातल्या सिमकार्डावरून मोबाइलच्या मनोऱ्याकडे जातो, तिथून पुरवठा विभागाच्या प्रणालीकडे, तिथून आधारच्या मध्यवर्ती साठ्याकडे. तिथे जुळणी होते आणि ‘जुळला’ किंवा ‘नाही’ एवढंच उत्तर त्याच वाटेने परत येतं. हे सगळं काही सेकंदांत व्हायचं असतं. गावात रेंज नसेल, मनोऱ्यावर गर्दी असेल, मधली एखादी प्रणाली दुरुस्तीसाठी बंद असेल, उत्तर यायला ठरलेल्या वेळेपेक्षा उशीर झाला असेल, किंवा सगळं नीट चालून ठसाच जुळला नसेल. कारणं निरनिराळी, त्यांचे उपाय निरनिराळे आणि जबाबदार खातीही निरनिराळी. दुकानदाराच्या तोंडून मात्र एकच वाक्य निघतं.

शेवटच्या तारखेला सर्व्हर हमखास का पडतो, यालाही साधं कारण आहे. विहिरीवर एकच दोर आहे आणि एक घागर ओढायला एक मिनिट लागतं असं समजा. मिनिटाला एक बाई आली तर रांग लागत नाही. मिनिटाला दोन येऊ लागल्या की रांग वाढतच जाते. संगणकाच्या बाबतीत आणखी एक भर पडते. उत्तर आलं नाही की माणूस पुन्हा बटण दाबतो, आणि तो दाब नवी मागणी म्हणून रांगेत उभा राहतो. म्हणजे एकच बाई चार घागरी घेऊन चार ठिकाणी उभी. काही वेळाने यंत्रणेचं सगळं बळ रांग सांभाळण्यातच जातं आणि पाणी निघेनासं होतं. मुदतवाढ मिळेल की नाही हे शेवटच्या दिवसापर्यंत सांगितलं नाही तर अशी गर्दी होणारच. तेव्हा सर्व्हर पडण्यात तारीख ठरवणाऱ्याचाही वाटा असतो.

आमच्या वडीलधाऱ्यांना ‘सर्व्हर डाऊन’ हे वाक्य ओळखीचं वाटतं. त्याचा जुना अवतार त्यांनी जन्मभर ऐकलेला : ‘‘साहेब दौऱ्यावर आहेत.’’ वहीत एक नोंद आहे : ‘‘पयले साहेब जागेवर नसायचा, आता सर्व्हर नसतो. साहेबाचा निदान परतायचा दिस तरी सांगायचे.’’

यामागे इतिहास आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता आणि राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. आपल्याच जमिनीच्या कागदावर काय लिहिलंय ते वाचायला दुसरा माणूस गाठावा लागे. नंतर कागद मराठीत आले, पण हिंगोलीच्या माणसाला जिल्ह्याच्या कामासाठी परभणी गाठावी लागे. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि कचेरी जवळ आली. त्याच सुमारास कारभार संगणकावर जायला लागला. कचेरी जवळ आली आणि दप्तर पुन्हा दूर गेलं, असा हा योगायोग. आज सातबारा मोबाइलवर निघतो, फेऱ्या वाचतात, हे खरंच आहे आणि रांगेतली माणसंही ते मानतात. पण सातबाऱ्यावर नाव चुकलं की पुन्हा ‘वाचून सांगणारा’ शोधावा लागतो.

ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतः शेतात उभं राहून मोबाइलवर पिकाचा फोटो काढायचा आणि नोंद करायची. कल्पना चांगली. कोणतं पीक आहे हे आता दुसऱ्या कोणाच्या लेखणीवर अवलंबून नाही. पहिल्याच हंगामात मी ऐकलं : ‘‘शेतात हुबा ऱ्हायलो तर रेंज नाही, रेंजमधी गेलो तर शेत नाही.’’ मोठ्या अहवालात दोन पानं खर्चून जे सांगितलं असतं, ते इथे एका ओळीत आहे.

अंगठेबहाद्दर

माझ्या वहीत सगळ्यांत जास्त नोंदी अंगठ्यावर आहेत.

अक्षरशत्रू माणसाला मराठीत ‘अंगठेबहाद्दर’ म्हणून हिणवतात. सही येत नाही म्हणून अंगठा. या पद्धतीचा आधुनिक इतिहास आपल्याच भूमीशी जोडलेला आहे. १८५८ साली बंगालमधल्या जंगीपूर इथे विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने राज्याधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराकडून करारावर सहीऐवजी पंजाचा ठसा घेतला. १८९७ साली कलकत्त्यात बोटांच्या ठशांचं खातं उघडलं. ठशांची वर्गवारी करण्याची जी पद्धत पुढे जगभर गेली, तिच्या मांडणीत अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय पोलीस कर्मचाऱ्यांचा मोठा वाटा होता. नाव मात्र त्यांचे वरिष्ठ एडवर्ड हेन्री यांचं लागलं.

आधारची सुरुवातही महाराष्ट्रातूनच झाली. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात पहिले आधार क्रमांक दिले गेले. पुढे रेशन दुकानांत अंगठ्याची यंत्रं आली. तेव्हापासून प्राध्यापक, वकील, तहसीलदार, सगळेच अंगठेबहाद्दर झाले. कळमनुरीच्या बाजारात एकाने मला ऐकवलेलं हे वाक्य मी अनेकांना सांगते : ‘‘पयले अंगठा लावनारा अडानी होता. आता ज्याचा अंगठा लागत नाही तो अडानी.’’

अंगठा ‘लागत’ का नाही? बोटावरच्या रेषा गर्भातच तयार होतात आणि जन्मभर त्यांचा नमुना बदलत नाही, हे खरं. पण यंत्र काही सगळा नमुना पाहत नाही. रेषा कुठे संपतात आणि कुठे दुभंगतात, अशा खुणांच्या जागा ते टिपतं आणि साठवलेल्या खुणांशी ताडून पाहतं. दोन ठसे तंतोतंत सारखे कधीच उमटत नाहीत. बोट थोडं तिरकं पडतं, दाब कमीजास्त होतो. म्हणून यंत्र साम्य किती त्याचा आकडा काढतं. तो ठरलेल्या उंबरठ्याच्या वर असेल तर ‘जुळला’, खाली असेल तर ‘नाही’. उंबरठा खाली आणला तर भलत्याचाच अंगठा चालून जाईल. वर नेला तर खऱ्या माणसालाच परत जावं लागेल. एक चूक कमी केली की दुसरी वाढते. उंबरठा कुठे ठेवायचा, हे यंत्र ठरवत नाही, माणसं ठरवतात.

आता आमच्या जिल्ह्यातले हात पाहा. वसमतची हळद प्रसिद्ध आहे आणि २०२४ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. ती हळद खणायची, शिजवायची, वाळवायची, मग तिला घासून चकाकी आणायची. कापूस वेचताना बोंडांची वाळलेली टोकं बोटांत घुसतात. माती, राख, भांड्यांची घासणी, धुण्याचा सोडा यांनी वरच्या रेषा झिजतात. हाताला विश्रांती मिळाली तर त्या पुन्हा वर येतात. पण ज्या बाईला विश्रांती मिळेल तिला रेशनच्या रांगेत कशाला उभं राहावं लागेल? त्यात वय वाढलं की कातडी कोरडी आणि सैल होते. म्हणजे ज्यांना धान्याची गरज जास्त, त्यांचाच अंगठा यंत्राला कमी कळतो. हे कोणी ठरवून केलेलं नाही, पण घडतं असंच. रांगेत यावर उपायही चालतात : बोट पदराला पुसायचं, कपाळावर किंवा केसांत फिरवायचं, म्हणजे किंचित तेल लागून ठसा उठतो. एक बाई म्हणाली होती, ‘‘लग्नात हळद लागली तव्हा हात कोरा व्हता. आता हळदीनंच कोरा केला.’’

हसून झाल्यावर

इथवर मी हे विनोद कौतुकानेच सांगत आले. आता माझ्याच घरातला सांगते, कारण त्यामुळे माझं मत बदललं.

माझ्या सासूबाईंचं वय झालेलं. त्या गावी राहायच्या, मी येऊनजाऊन. एकदा गेले तेव्हा त्या रेशनवरून रिकामी पिशवी घेऊन परतत होत्या. मी विचारलं, ‘‘काय झालं?’’ त्या म्हणाल्या, ‘‘मशीन म्हनलं, तुम्ही त्या नव्हंच. मी म्हनलं, आसंल बाप्पा. ऐंशी वर्सं मलाच वाटत व्हतं मी मीच हाय म्हून.’’ मी पोट धरून हसले. त्याही हसल्या. वहीत वाक्य लिहिलं, तारीख घातली. पुढे दोन-तीन ठिकाणी मी ते बोलण्याच्या ओघात सांगितलंही, लोकांना फार आवडलं.

चौथ्या महिन्यात शेजारणीकडून कळलं की त्या महिन्यापासून सासूबाईंना धान्य मिळालेलंच नव्हतं. दर महिन्याला जायच्या, अंगठा येत नव्हता, परत यायच्या. अन्नसुरक्षा कायद्याने माणशी महिना पाच किलो धान्य ठरवलंय. त्या एकट्याच होत्या, म्हणजे महिन्याला पाच किलो. घरात उपासमार नव्हती, त्यामुळे कोणाला कळलं नाही. मी त्यांचं वाक्य जपून ठेवलं होतं. पिशवी रिकामी का, हे विचारलं नव्हतं. विनोद इतका पुरा होता की पुढे काही विचारायचं राहिलंय असं मला वाटलंच नाही.

विनोद म्हणजे दुबळ्याचं हत्यार, असं आपण साहित्यात पुष्कळदा म्हणतो. मी स्वतः म्हटलेलं आहे. रांगेत तो बऱ्याचदा शेवटचा शब्द ठरतो. दोष अचूक ओळखायचा, एका ओळीत बांधायचा, हसायचं आणि घरी जायचं. ज्याच्याकडे दाद मागायची तो केंद्रचालकही हसतो आणि प्रकरण तिथेच मिटतं.

मिटायला नको, कारण वाट होती. ठसा जुळला नाही म्हणून लाभ नाकारू नये, पर्यायी मार्गाने तो द्यावा आणि तशी नोंद ठेवावी, असं खुद्द आधार प्राधिकरणाने ऑक्टोबर २०१७ च्या परिपत्रकात सांगितलेलं आहे. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सरकारी लाभांसाठी आधारचा वापर वैध ठरवला. केवळ पडताळणी फसली म्हणून पात्र माणसाला वंचित ठेवलं जाणार नाही, ही सरकारच्या वतीने दिलेली हमीही त्यात नोंदली आहे. सासूबाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, आणि मी वाक्य टिपत होते.

याच जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यातल्या दुधाळ्याच्या माळावर, ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहते आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा आणि त्यांच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाएवढा फरक पडला तरी तो कळावा, अशी ही योजना. हे मी एकदा रांगेत समजावून सांगितलं तेव्हा एक बाई शांतपणे म्हणाली, ‘‘मंग त्याच्यावरच लावू द्या की आमाला अंगठा.’’

रांग हसली, पण त्या वेळी मी हसून थांबले नाही. लायगोच्या यंत्रापुढेही उंबरठ्याचा तोच प्रश्न असतो : आलेला हादरा खरा की रस्त्यावरून ट्रक गेला? शास्त्रज्ञांनी त्यावर काढलेला उपाय पाहण्यासारखा आहे. एका यंत्राच्या शब्दावर ते सहसा विसंबत नाहीत. अमेरिकेतली दोन यंत्रं, हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन, एकमेकांपासून सुमारे तीन हजार किलोमीटर दूर ठेवली आहेत. १४ सप्टेंबर २०१५ रोजी तीच लहर दोन्हीकडे, सात सहस्रांश सेकंदांच्या फरकाने उमटली. नंतर अनेक महिने तपासणी झाली आणि ११ फेब्रुवारी २०१६ रोजी जगाला सांगण्यात आलं. दुधाळ्याचं यंत्र आणखी एक साक्षीदार म्हणून हवं आहे. म्हणजे जगातल्या सर्वांत काटेकोर यंत्राला दुसरा साक्षीदार लागतो. रेशन दुकानातल्या छोट्या यंत्राचा ‘नाही’ मात्र एकट्याचाच आणि अखेरचा ठरतो. समोर उभ्या असलेल्या सासूबाईंना दुकानदार चाळीस वर्षं ओळखत होता. तोच दुसरा साक्षीदार होता. त्याची साक्ष कोणी विचारली नाही, आणि त्यानेही ती दिली नाही.

रांगेतला विनोद ही यंत्राविषयीची शंकाच आहे, आणि शास्त्रज्ञाच्या शंकेइतकीच ती रास्त आहे. फरक एवढाच की शास्त्रज्ञाच्या शंकेला उत्तर द्यावं लागतं, आमच्या शंकेला हसून दाद मिळते. म्हणून हसून झालं की एक साधा प्रश्न विचारायला हवा. ‘सर्व्हर डाऊन’ म्हणालात, कोणाचा? रेंज नाही, की उत्तर आलं नाही, की ठसा जुळला नाही? जुळला नसेल तर पर्यायी नोंद कुठे करता, ती दाखवा. उडालेलं नाव कोणी उडवलं?

सासूबाईंचं काम पुढे झालं, दोन खेपा आणि एक लेखी अर्ज लागला. त्या आता नाहीत. माझ्या वहीचं पान मी मध्ये रेघ मारून दोन भागांत केलं आहे. डाव्या बाजूला वाक्य, उजव्या बाजूला ‘पुढे काय झालं’. २०१७ पासूनच्या जुन्या पानांवरही तशी रेघ मारली. त्यांची उजवी बाजू जवळजवळ सगळी कोरी आहे. ओट्यावर टॉवेल पसरून पडलेल्या त्या म्हाताऱ्याचा अर्ज मुदतीत भरला गेला की नाही, ते मला सांगता येत नाही. मी त्याला विचारलंच नव्हतं.